कमिशन रोजचं, मग जबाबदारी का नाही?

कॅबच्या ड्रायव्हरला गाडीवर बसवायच्या आधी काय तपासायचं हे आपल्याकडे लिहून ठेवलेलं आहे. २०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ॲग्रीगेटर म्हणजे ॲपवरून कॅब पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ड्रायव्हरची पोलीस पडताळणी आली, मागच्या सात वर्षांत दारू पिऊन गाडी चालवणं, फसवणूक, लैंगिक गुन्हा असल्या कशात शिक्षा झालेली नसावी हेही आलं. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसाठी तर २००५ पासून अख्खा कायदा आहे, खाजगी सुरक्षा एजन्सीचा, त्यात स्पष्ट म्हटलंय की कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाला गार्ड म्हणून ठेवता येणार नाही. पण त्याच गेटमधून आत येऊन लिफ्टने वर जाणारा, बेडरूममधला एसी खोलणारा, बाथरूमचा गिझर बघणारा, किंवा पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली, आजारी माणसाच्या खोलीत रात्रभर राहणारी बाई, यांना पाठवणाऱ्यांवर इतक्या स्पष्ट शब्दात कोणी काही बंधन घातलेलं नाही. मला हे पटत नाही आणि आईच्या निमित्ताने गेले काही महिने या विषयात खूप डोकं घातलंय म्हणून सविस्तर लिहितेय.

कॅबवाल्यांना नियम का आले ते आधी सांगते, कारण ते फुकट आलेले नाहीत. डिसेंबर २०१४, दिल्ली. गुडगावहून रात्री घरी निघालेल्या एका तरुणीवर उबरच्या ड्रायव्हरने बलात्कार केला. नंतर कळलं की त्याच्याकडे चारित्र्याचा जो दाखला होता, दिल्ली पोलिसांच्या नावाचा, तोच बनावट होता. त्याला २०११ मध्येही बलात्काराच्या आरोपात अटक झालेली, त्यात तो पुढे निर्दोष सुटलेला, आणि गावाकडे मैनपुरीत वेगळे गुन्हे नोंदलेले. म्हणजे कागद होता, फाईलमध्ये लावलेला होता, पण तो कागद खरा आहे का हे ज्यांचं नाव त्याच्यावर होतं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दिल्ली सरकारने काही दिवसांत उबरवर बंदी घातली, ड्रायव्हरला २०१५ मध्ये जन्मठेप झाली. आणि त्या मुलीने कंपनीवर दावा कुठे लावला तर सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात, जो पुढे तडजोडीने मिटला. ही गोष्ट मला फार लागली. गुन्हा दिल्लीत, मुलगी दिल्लीची, ड्रायव्हर इथलाच, आणि कंपनीला जाब विचारायला अमेरिकेत जावं लागलं.

तर आमचं असं झालं. आई कोथरूडला एकटी असते, मी ठाण्यात, भाऊ कॅनडात. पुण्यात अशी घरं किती आहेत ते पुणेकरांना सांगायला नको, एकेका बिल्डिंगमध्ये मजल्याआड एक म्हातारं माणूस आणि मुलं बाहेर. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चोवीस तासांची बाई हवी झाली, ओळखीतून एका ब्युरोचा नंबर मिळाला. रजिस्ट्रेशन फी, ॲडव्हान्स, मग रोजचा रेट, त्या रेटमधून ब्युरोचा रोजचा कट, बाकीचे कामाला येणाऱ्या ताईंच्या हातात. सगळे हेच करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस शोधणं, सुट्टीला रिलीव्हर म्हणजे बदली बाई पाठवणं, हे काम आहेच आणि त्याचे पैसे घ्यावेत. तक्रार आहे ती फॉर्मच्या मागच्या पानावरच्या एका ओळीबद्दल. अर्थ असा की ब्युरो फक्त ओळख करून देतो, कर्मचाऱ्याच्या वर्तनाची, चोरीची, नुकसानीची कुठलीही जबाबदारी ब्युरोवर राहणार नाही, पेशंटच्या नातेवाईकांनी आपल्या जबाबदारीवर ठेवावे.

मी म्हणाले व्हेरिफिकेशन केलंय का, तर हो मॅडम सगळ्यांचं केलेलं असतं. दाखवा म्हटल्यावर आलं काय तर आधारची झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्ज केल्याची पावती. अर्जाची पावती म्हणजे पडताळणी नव्हे हो. आपल्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाईन अर्ज करून मिळतो, माणूस ज्या पत्त्यावर राहतो तिथल्या हद्दीकडे चौकशी जाते, रेकॉर्ड बघतात आणि मग दाखला येतो किंवा येत नाही. पावती फक्त सांगते की कोणीतरी अर्ज भरला. पुढे काय झालं ते ती सांगत नाही.

आणि दाखला आला तरी त्यात काय असतं तेही समजून घ्यायला पाहिजे. तो त्या दिवसापुरता असतो. त्यानंतर वर्षभरात काही घडलं तर तुमच्या हातातला कागद तेच जुनं सांगत राहणार. नावाचं स्पेलिंग बदललं, लग्नानंतर आडनाव बदललं, माणूस नांदेडहून किंवा झारखंडहून आलेला आणि पत्ता पुण्याचा सहा महिन्यांचा, की शोध अर्धवट राहण्याची शक्यता वाढते. पोलीस ठाणी एकमेकांना जोडणारी सीसीटीएनएस नावाची यंत्रणा २००९ मध्ये मंजूर झाली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, त्यामुळे आता एका राज्यातल्या पोलिसांना दुसऱ्या राज्यातलं रेकॉर्ड शोधता येतं, ही मोठी सुधारणा आहे. पण शोधणाऱ्याने नीट शोधलं पाहिजे आणि ज्याने माणूस पाठवलाय त्याने ते मागितलं पाहिजे. ब्युरोने पावतीवर थांबायचं आणि आपण झेरॉक्सवर समाधान मानायचं, यात तपासणी कोणीच केलेली नसते.

आता कायद्याचं. माझी मैत्रीण वकील आहे, तिच्याशी बोलून, तिने सांगितलेले निकाल वाचून जे समजलं ते माझ्या शब्दात मांडतेय. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार हे तत्त्व आपल्याकडे जुनं आहे. सरकारी जीपच्या ड्रायव्हरने एकाला उडवलं तेव्हा राजस्थान सरकारला भरपाई द्यावी लागली, तो निकाल १९६२ चा. अडचण येते ती गुन्ह्यात. मालक म्हणतो मी त्याला गिझर दुरुस्त करायला पाठवला होता, चोरी करायला नाही, ते त्याचं वैयक्तिक कृत्य. ऐकायला बरोबर वाटतं. पण १९९८ मध्ये हावड्याला जे झालं ते बघा. बांगलादेशातून आलेली एक बाई अजमेरला निघाली होती, तिकीट वेटिंगवर, रेल्वेच्याच काही माणसांनी मदत करतो म्हणून तिला स्टेशनच्या यात्री निवासात नेलं आणि तिथे सामूहिक बलात्कार झाला. कलकत्ता हायकोर्टातल्या वकील चंद्रिमा दास यांनी याचिका केली. रेल्वेचं म्हणणं हेच होतं की हे त्या माणसांचं स्वतःचं कृत्य, आमचा काय संबंध. २००० साली सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं आणि दहा लाखांची भरपाई कायम ठेवली, कारण यात्री निवास रेल्वेचं, ते चालवायला नेमलेली माणसं रेल्वेची. ती बाई त्यांच्यावर विश्वास ठेवून गेली तो विश्वास रेल्वेच्या नावावर होता, असं मी त्याचं वाचन करते. अर्थात तिथे समोर सरकार होतं, राज्यघटनेतला जगण्याचा हक्क होता, खाजगी ब्युरोला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं माझं म्हणणं नाही.

दुसऱ्या बाजूचाही निकाल आहे, १९७८ चा. एका बाईने बँकेत भरायला म्हणून पैसे दिले ते बँकेत नोकरी करणाऱ्या, पण घरच्या ओळखीतल्या माणसाच्या हातात, आणि त्याने ते खाल्ले. सुप्रीम कोर्ट म्हणालं बँक जबाबदार नाही, कारण पैसे त्याला शेजारी-मित्र म्हणून दिले होते, बँकेचा माणूस म्हणून नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवले की मला तरी चित्र साफ दिसतं: माणूस आपल्या दारात कोणाच्या नावाने आला, हा प्रश्न आहे. ब्युरोच्या ताई आमच्या घरी आल्या त्या ब्युरोच्या नावाने आल्या, सुट्टी त्यांनी ब्युरोला विचारून घेतली, रिलीव्हर ब्युरोने ठरवली, पगार आम्ही ब्युरोच्या खात्यात भरला आणि ब्युरोने रोजचा कट काढून पुढे दिला. एकदाच ओळख करून देऊन बाजूला झाला असता तर तो फक्त ओळख करून देणारा, हे मी मान्य केलं असतं. रोज पैसे कापतो तो रोज त्या नात्यात आहे. मग त्यातली फक्त कमाई त्याची आणि धोका पूर्ण आमचा आणि ताईंचा, हे कसं चालेल?

आणि फॉर्मवर सही केली म्हणजे सगळं संपलं असंही नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात निष्काळजीपणा हा सेवेतल्या त्रुटीतच धरलाय. तपासणी केली म्हणून सांगितलं आणि केलेली नसेल तर ती त्रुटी आहे, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. शिवाय एकतर्फी, ग्राहकाचे हक्क काढून घेणारा करार, त्याला कायद्यात अनुचित करार म्हटलंय, त्याविरुद्ध दाद मागता येते, फक्त ती जिल्ह्यात नाही तर राज्य आयोगात. ॲपवरून माणूस मागवला असेल तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचंय. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर फोन करता येतो. पण हे सगळं घडून गेल्यावरचं. आणि सिद्ध करायचं ओझं पुन्हा आपल्यावर, की त्यांनी तपासलं नाही, तपासलं असतं तर कळलं असतं, कळलं असतं तर पाठवलं नसतं. ज्या घरात काहीतरी भयंकर घडून गेलंय त्यांनी हे सिद्ध करत बसायचं.

इथे मला टेक्सासचा कायदा महत्त्वाचा वाटतो. त्याआधी फ्लोरिडात काय झालं होतं ते सांगते, २००१ ची गोष्ट. एका बाईने नावाजलेल्या डिपार्टमेंट स्टोअरकडून घरातले एअर डक्ट साफ करून घेतले. स्टोअरने काम दिलं दुसऱ्याला, आलेल्या माणसांपैकी एक लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेला, पॅरोलवर सुटलेला. साफसफाई होऊन गेली. काही महिन्यांनी तोच माणूस परत आला, तिचा खून केला आणि घराला आग लावली. बाईने विश्वास ठेवला तो दुकानाच्या नावावर, आणि दुकानाला आपण कोणाला पाठवतोय ते माहीतच नव्हतं. तिच्या बहिणीने पुढची कितीतरी वर्षं याच मोहिमेत घातली, की घरात जाणाऱ्या कामगाराची, कंत्राटदाराच्या माणसाचीसुद्धा, तपासणी झालीच पाहिजे.

टेक्सासने २००३ मध्ये घरात जाऊन सेवा देणाऱ्या आणि घरपोच सामान आत नेऊन देणाऱ्या कंपन्यांसाठी कलम केलं. माणूस घरात पाठवायच्या आधी त्याचं गुन्हेगारी रेकॉर्ड काढायचं. गंभीर गुन्ह्यात वीस वर्षांत आणि ठराविक छोट्या गुन्ह्यांत दहा वर्षांत शिक्षा झालेली नाही असं दिसलं आणि मगच पाठवलं, तर पुढे दावा झाला तरी कोर्ट सुरुवातीला असं धरून चालतं की कंपनीने नेमताना निष्काळजीपणा केला नाही, समोरच्याने उलट पुरावा दिला तर गोष्ट वेगळी. म्हणजे प्रामाणिकपणे तपासणाऱ्या कंपनीला संरक्षण मिळतं आणि न तपासणाऱ्याला मिळत नाही. मला यातली रचना आवडली, कारण तपासणी करणं हे कंपनीच्याच फायद्याचं होऊन जातं, तिच्या मागे कोणी काठी घेऊन उभं राहावं लागत नाही. वीस वर्षं मात्र मला जास्त वाटतात. आपल्याकडे कॅबसाठी सात वर्षं पुरेशी धरली, तेवढीच घरासाठी का नकोत.

आपल्या देशातही छत्तीसगडने २०१३ मध्येच खाजगी प्लेसमेंट एजन्सींसाठी कायदा केला, कारण तिथल्या मुलींना दिल्लीत नेऊन कामाला लावणाऱ्यांनी फार वाईट प्रकार केले होते. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, चांगला आहे, नोंदणी, ओळखपत्र, मदत, पण तो कल्याणाचा कायदा आहे, पाठवणाऱ्याच्या जबाबदारीचा नाही. ब्युरोंची नोंदणी, करारातली ती ओळ रद्द, आणि तपासणी करून पाठवलं तरच संरक्षण, एवढं जरी राज्याने केलं तरी खूप होईल.

आता जे मला सगळ्यात जास्त बोचतं ते. तपासणी म्हटलं की सगळा रोख जातो कामाला येणाऱ्या बाईकडे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलंय मी, "त्या लोकांचं काही सांगता येत नाही". कोणत्या लोकांचं? आमच्या ताई आईला हाताला धरून संडासला नेतात, रात्री तीनदा उठतात, आईचा चष्मा कुठे ठेवलाय ते मला माहीत नसतं पण त्यांना असतं. त्यांच्या पहिल्या पगारातून व्हेरिफिकेशनचे पैसे कापले होते ब्युरोने, जी पडताळणी पूर्ण झालीच नव्हती तिचे! हा खर्च ब्युरोचा धंद्याचा खर्च आहे, तो त्या बाईच्या मजुरीतून जाता कामा नये.

आणि पोलिसात नाव असणं म्हणजे गुन्हेगार असणं नव्हे, हे महाराष्ट्रात तरी आपण विसरू नये. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण पारधी वस्तीवरच्या पोराला आजही कुठे चोरी झाली की उचलतात. त्याचं नाव कुठल्यातरी एफआयआरमध्ये असणार, शिक्षा कधीच झालेली नसणार. मग ॲप कंपनीच्या तपासणीवाल्याने कोर्टाच्या वेबसाईटवर नाव टाकून शोधलं आणि लाल खूण आली की त्याचं काम गेलं, त्याला कोणी विचारणारही नाही. आणि नाव-आडनाव सारखं असलेल्या दुसऱ्याच माणसाची केस याच्या माथी बसली तर? गणेश पवार नावाची माणसं एकेका जिल्ह्यात किती असतील विचार करा.

सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात सरकारी नोकरीतल्या पडताळणीबद्दल जे म्हटलंय ते इथेही घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तरुणपणातली किरकोळ घोषणाबाजीसारखी केस आणि गंभीर गुन्हा एकाच मापाने मोजायचे नाहीत, काम कोणतं आहे ते बघायचं. म्हणजे घरात जाणाऱ्या कामगाराच्या बाबतीत बघायचं ते शिक्षा झाली का, कशात झाली, किती वर्षं झाली, आणि त्या गुन्ह्याचा या कामाशी संबंध आहे का. दारूच्या नशेत एकदा मारामारी केलेल्या पन्नाशीच्या प्लंबरला जन्मभर नळ जोडू द्यायचे नाहीत हा न्याय नाही. लहान मुलांवर अत्याचाराची शिक्षा भोगलेल्याला पाळणाघरात पाठवायचं नाही, हा न्याय आहे. आणि रिपोर्ट आधी त्या माणसाला दाखवायचा, चूक असेल तर दुरुस्त करायची संधी द्यायची.

अजून एक, कारण हे कोणीच बोलत नाही. घरी जाऊन फेशियल-वॅक्सिंग करणाऱ्या मुली अनोळखी दारं वाजवतात, आत कोण आहे हे त्यांना माहीत नसतं. ग्राहकाची तपासणी कोणीच करत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पॉश कायद्यात २०१३ पासून खाजगी घरसुद्धा कामाची जागा धरलंय, घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, पण आमच्या ताईंना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी समितीचा पत्ता लिहून घेतला, त्यांच्याबरोबरच्या दोघींना द्यायला.

आम्ही पुढे काय केलं ते थोडक्यात. त्या ओळीवर मी सही केली नाही. ब्युरोवाले म्हणाले सगळे करतात, मी म्हटलं मी नाही करणार, आठवडाभर घासाघीस झाली. शेवटी ती ओळ खोडून हाताने लिहून घेतलं: कर्मचाऱ्याची पडताळणी ब्युरोने स्वखर्चाने पूर्ण केलेली आहे, तिचा दाखला नातेवाईकांनी पाहिला आहे, आणि न तपासता पाठवलेल्या कोणत्याही व्यक्तीच्या, रिलीव्हरसकट, वर्तनास ब्युरो जबाबदार राहील. रिलीव्हर हा शब्द मुद्दाम घातला. नेहमीच्या बाईची माहिती सगळे घेतात आणि दिवाळीत चार दिवसांसाठी जी येते तिचं नावही नीट माहीत नसतं. दाखला यायला वेळ लागला पण आला, अर्ज क्रमांक टाकून तो खरा आहे ना हे मी बघितलं, आधीच्या दोन घरी फोनही केले. एका घरचे काका ताईंबद्दल इतकं भरभरून बोलले की मलाच भरून आलं.

आणि टेक्निशियन मंडळींबद्दल. काम झाल्यावर ते हळूच सांगतात, पुढच्या वेळी ॲपवरून नका बोलवू, डायरेक्ट मला फोन करा, स्वस्तात करतो. त्यांचं मला समजतं, कंपनी त्यांचं किती कापते ते त्यांनाच माहीत. पण तो बँकेचा १९७८ चा निकाल आठवा. तुम्ही त्याला थेट बोलावलंत की तो कंपनीच्या नावाने आलेला नसतो, पाठवणारे तुम्हीच. तसं बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, पण मग पडताळणीचं बघायचं तेही तुम्हीच, आणि राज्य पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या पोर्टलवर त्याची सोय आहे. फक्त त्या माणसाला आधी सांगा, त्याला विचारून करा आणि खर्च तुम्ही द्या.